अनुदिनीचे बारसे

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत अवघ्या एका मात्रेचे अंतर आहे. पहिल्या क्रियेत कौतुक आहे, तर दुसरीत टीका. पहिली फसली की दुसरीला आपोआप निमित्त मिळते, हा अनुभव मुलांच्या बारशापासून दुकानांच्या पाट्यांपर्यंत सर्वत्र येतो. महाजालावर स्वतःचा ब्लॉग सुरू करणाऱ्यालाही या प्रसंगातून जावे लागते. फरक इतकाच, की मुलाचे नाव ठरवताना आत्या, आजी, पंचांग आणि शेजारीपाजारी असे सारे मदतीला धावतात. ब्लॉगचे नाव मात्र एकट्यानेच, संगणकाच्या पडद्यावरील एका रिकाम्या चौकटीसमोर बसून ठरवावे लागते. ती चौकट भरल्याखेरीज पुढचे पान उघडत नाही. लिहिण्याची घाई झालेली असते. मग जे सुचेल ते नाव चौकटीत जाते आणि पुढे अनेक वर्षे लेखकाच्या मानगुटीवर बसते.

ही बाब वाटते तितकी किरकोळ नाही. समाजमाध्यमांवर लेख वाचकापुढे आपोआप येऊन पडतो आणि तसाच वाहूनही जातो. कोणाला काय दाखवायचे, हे तेथील यंत्रणा ठरवते. वाचकाला लेखकाचा पत्ता लक्षात ठेवावा लागत नाही आणि म्हणून तो ठेवतही नाही. ऑर्कुट २०१४ साली बंद झाले, गुगल प्लस २०१९ साली. तेथे ज्यांनी हौसेने लिहिले, त्यांचा वाचकवर्ग त्या त्या सेवेबरोबरच पांगला. ब्लॉग हे लेखकाचे स्वतःचे घर असते. पण त्या घराकडे वाचकाला आठवणीने यावे लागते. या आठवणीची दोरी म्हणजे ब्लॉगचे नाव. लेख आवडला, परंतु ‘कुठे वाचला होता बरे’ या प्रश्नावर वाचक अडला, तर लेखकाचे श्रम निम्मे वाया गेले असेच म्हणावे लागेल.

‘ब्लॉग’ हेही एक नावच

नामकरणाचा पहिला धडा ‘ब्लॉग’ या शब्दातच दडलेला आहे. अमेरिकेतील जॉर्न बार्गर यांनी डिसेंबर १९९७ मध्ये महाजालावरील आपल्या नोंदींना ‘वेबलॉग’ असे म्हटले. वेब म्हणजे जाळे आणि लॉग म्हणजे जहाजावर ठेवली जाते तशी नोंदवही. १९९९ मध्ये पीटर मेरहोल्झ यांनी गमतीने या शब्दाची फोड ‘वुई ब्लॉग’ अशी केली आणि त्यातला शेवटचा तुकडा तेवढा लोकांच्या तोंडी बसला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘ब्लॉगर’ ही सेवा सुरू झाली. पुढे २००४ साली मेरियम-वेबस्टर या कोशप्रकाशकांनी ‘ब्लॉग’ हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला. काटेकोर अर्थ सांगणारा मूळ शब्द मागे पडला आणि अर्थहीन वाटणारा, पण जिभेला सोपा असा तुकडा टिकला.

मराठीतही पर्याय पुढे आले. ‘रोजनिशी’च्या धर्तीवर कोणी ‘जालनिशी’ म्हटले, कोणी ‘अनुदिनी’. यांपैकी ‘अनुदिनी’ हा शब्द कानाला गोड असून त्याने काही काळ बऱ्यापैकी मूळ धरले. परंतु त्याच्या पोटात एक अट आहे. अनुदिन म्हणजे दररोज. बहुतेक ब्लॉग दररोज लिहिले जात नाहीत. आठवड्याला एक नोंद झाली तरी पुष्कळ. शब्दाने दिलेले वचन वस्तूला पाळता आले नाही आणि बोलीभाषेत ‘ब्लॉग’च रूढ झाला. नाव छोटे असावे आणि त्याने झेपेल तेवढेच वचन द्यावे, हे दोन नियम या एका शब्दाच्या इतिहासातून हाती येतात.

पूर्वसूरींचा वस्तुपाठ

ब्लॉग नवा असला, तरी स्वतःच्या बळावर लेखनाचे एखादे पीठ उभारायचे आणि त्याला नाव द्यायचे, ही मराठी परंपरा जवळजवळ दोनशे वर्षांची आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले. दर्पण म्हणजे आरसा. डोळ्यांपुढे चटकन उभी राहणारी, घरोघरी असणारी वस्तू आणि वृत्तपत्राचे काम एका शब्दात सांगणारी उपमा. १८४१ साली भाऊ महाजनांचे ‘प्रभाकर’ आले. त्यानंतरच्या काळात ज्ञान आणि प्रकाश या दोन कल्पनांनी मराठी संपादकांना जणू झपाटले. १८४२ चा ‘ज्ञानोदय’, १८४९ चा ‘ज्ञानप्रकाश’, १८६२ चा ‘इंदुप्रकाश’, १८६६ चा ‘अरुणोदय’ ही नावे एका ओळीत वाचली, की कोणते कोणाचे हे आठवताना गोंधळ उडतो. या पत्रांचे कार्य मोठे होते. मात्र नावापुरते पाहिले, तर ती एकाच कुळातली भावंडे वाटतात.

या पार्श्वभूमीवर ४ जानेवारी १८८१ रोजी ‘केसरी’चा पहिला अंक निघाला, तेव्हा त्या नावाचे वेगळेपण किती जाणवले असेल, याची कल्पना करता येते. त्यात ज्ञान नाही, उदय नाही, प्रकाश नाही. सिंह हा एक प्राणी, तीन अक्षरे आणि बाणेदारपणाचा स्पष्ट इशारा. त्याच पत्राचे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर मतभेदांमुळे बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढले. ज्या शब्दाचा त्या काळी अनेकांकडून हेटाळणीने उच्चार होई, तोच शब्द त्यांनी मस्तकी धारण केला. शिवराम महादेव परांजपे यांच्या १८९८ मधील ‘काळ’ या पत्राचे नाव तर दोनच अक्षरांचे. वेळ आणि मृत्यू असे दोन्ही अर्थ त्यात आहेत आणि परांजप्यांच्या वक्रोक्तीला ते दोन्ही शोभणारे होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू केलेल्या पाक्षिकाचे नाव ‘मूकनायक’. जो मूक आहे तो नायक कसा, असा प्रश्न हा शब्द वाचताक्षणी मनात उभा राहतो आणि ज्यांना बोलू दिले गेले नाही त्यांचा हा नायक, हे उत्तरही पाठोपाठ मिळते. दोन परस्परविरोधी शब्द शेजारी ठेवले, की वाचणारा क्षणभर थांबतो. आणि क्षणभर थांबलेला वाचक ते नाव विसरत नाही. केशव सीताराम ठाकरे यांच्या बाबतीत तर नावाने आणखी पुढची मजल मारली. १९२१ साली त्यांनी ‘प्रबोधन’ हे नियतकालिक काढले आणि महाराष्ट्र त्यांना ‘प्रबोधनकार’ म्हणूनच ओळखू लागला. पत्राला दिलेले नाव परत फिरून संपादकाला चिकटले.

लक्षात का राहते?

या साऱ्या नावांमागे जे तारतम्य होते, त्याला पुढे मानसशास्त्रानेही दुजोरा दिला. १९८७ साली ब्रिटनमधील संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना अनोळखी चेहरे दाखवून त्यांची आडनावे आणि व्यवसाय सांगण्यात आले. इंग्रजीत काही शब्द आडनावही असतात आणि व्यवसायही, जसा मराठीत ‘सुतार’. शब्द तोच असूनही व्यवसाय म्हणून सांगितला तेव्हा तो अधिक आठवला, आडनाव म्हणून सांगितला तेव्हा निसटला. कारण उघड आहे. सुतार हा व्यवसाय म्हटला, की रंधा, करवत, लाकडाचा भुसा आणि त्याचा वास असे सारे चित्र मनात उभे राहते. आडनाव मात्र नुसतेच नाव राहते. स्मृतीला चित्र लागते.

दुसरे तत्त्व त्याहून जुने आहे. जर्मनीतील हेडविग फॉन रेस्टॉर्फ यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले, की सारख्या गोष्टींच्या रांगेत एखादी वेगळी गोष्ट असेल, तर तीच नेमकी स्मरणात राहते. ‘प्रकाशां’च्या आणि ‘उदयां’च्या मांदियाळीत ‘केसरी’ का उठून दिसला, याचे उत्तर येथे मिळते. तिसरे तत्त्व उच्चाराचे. अमेरिकेतील ॲडम ऑल्टर आणि डॅनियल ओपेनहायमर यांनी २००६ मध्ये असे मांडले, की ज्यांची नावे उच्चारायला सोपी, त्या कंपन्यांच्या समभागांनी बाजारात आल्यानंतरच्या सुरुवातीच्या दिवसांत तुलनेने बरी कामगिरी केली. जिथे पैशांचा प्रश्न आहे तिथेही माणूस जिभेच्या सोयीला बळी पडत असेल, तर ब्लॉग वाचणारा कसा अपवाद ठरेल?

ही तीन तत्त्वे एकत्र ठेवली, की मराठी ब्लॉगांच्या नामकरणातील नेहमीची अडचण ध्यानात येते. मन, शब्द, अक्षर, भाव, स्पंदन, अंतरंग, गंध, सुमन या शब्दांच्या जोड्या लावून नाव तयार करण्याची पद्धत फार रूढ आहे. यांतला कोणताही शब्द वाईट नाही. परंतु त्यांच्यामुळे डोळ्यांपुढे चित्र उभे राहत नाही आणि सगळे एकाच रांगेत उभे असल्याने वेगळेपणही उरत नाही. एकोणिसाव्या शतकात ‘ज्ञान’ आणि ‘प्रकाश’ यांचे जे झाले, तेच एकविसाव्या शतकात ‘मन’ आणि ‘शब्द’ यांचे झाले आहे. शिवाय, आत मनातले विचार शब्दांत लिहिलेले असणार, हे वाचकाने गृहीतच धरलेले असते. ते दारावर पुन्हा लिहून काही नवे सांगितले जात नाही.

आपल्या अंगणातले शब्द

मग नाव शोधायचे कुठे? बहुधा शब्दकोशात नव्हे, तर स्वतःच्या नित्याच्या वापरात. आचार्य अत्र्यांनी आपल्या आत्मचरित्राला ‘कऱ्हेचे पाणी’ हे नाव दिले. सासवडजवळून वाहणारी कऱ्हा ही त्यांची नदी होती. व्यंकटेश माडगूळकरांनी १९४९ साली ‘माणदेशी माणसं’ म्हटले आणि मुलूख व माणसे दोन्ही एकाच ‘मा’ने बांधली. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ या नावात गिरगावातल्या चाळसंस्कृतीचा अख्खा दरवळ आहे. या तिन्ही नावांत अमूर्त असे काही नाही. नदी, माणसे, चाळ. आणि ती नावे दुसऱ्या कोणाला सहजी वापरताही येणार नाहीत, इतकी ती ज्याची त्याची आहेत.

हाच मार्ग ब्लॉगकर्त्यालाही खुला आहे. लोकलच्या प्रवासातील निरीक्षणे लिहिणाऱ्या मुंबईकराने ‘चौथी सीट’ असे नाव घेतले, तर तीन माणसांच्या बाकावर अर्धवट टेकलेला प्रवासी कोणत्याही मुंबईकराच्या डोळ्यांपुढे उभा राहील आणि त्या लेखनाचा मिस्कील सूरही कळेल. एसटीने गावोगाव हिंडणाऱ्याला ‘लाल डबा’ पुरेल. बँकेतून निवृत्त झालेल्या गृहस्थाच्या आठवणींना ‘शिल्लक’ हे नाव हिशेबाचेही वाटेल आणि आयुष्याचेही. गच्चीवर बाग फुलवणाऱ्या गृहिणीला ‘कुंडी’ हा दोन अक्षरी शब्द, मोठ्या काव्यमय समासापेक्षा अधिक कामी येईल. ही नावे केवळ उदाहरणादाखल. त्यामागची रीत महत्त्वाची. ज्या वस्तूला लेखकाचा हात रोज लागतो, तिच्या नावात त्याच्या लेखनाचा वास आधीच उतरलेला असतो.

मराठी संकेतस्थळांच्या आरंभकाळातील दोन नावे या दृष्टीने पाहण्याजोगी आहेत. १९९६ साली सुरू झालेल्या ‘मायबोली’च्या नावात घरापासून दूर गेलेल्यांची भाषेची ओढ होती. २००७ मधील ‘मिसळपाव’ने तर खाण्याचा पदार्थच उचलला. तर्री, फरसाण, कांदा, लिंबू असे सगळे एका ताटलीत. तसे सगळे विषय एका जागी. आत काय मिळणार, हे नावातच सांगून झाले आणि तोंडालाही पाणी सुटले.

ज्यांना स्वतःच्या नावाने लिहायचे नाही, त्यांच्यासाठी टोपणनावांची परंपरा आहे. कृष्णाजी केशव दामले यांनी वडिलांच्या नावावरून ‘केशवसुत’, राम गणेश गडकरी यांनी भावावरून ‘गोविंदाग्रज’, वि. वा. शिरवाडकर यांनी बहिणीवरून ‘कुसुमाग्रज’ अशी नावे घेतली. ही तिन्ही नावे नात्यातून आली आहेत. त्यांत बडेजाव नाही, माया आहे. उलट जयवंत दळवी यांनी ‘ललित’ मासिकातील खुसखुशीत सदरासाठी घेतलेले ‘ठणठणपाळ’ हे नाव नुसत्या आवाजानेच हसवते. गंभीर समीक्षकाला ते शोभले नसते. साहित्यिकांच्या टोप्या उडवणाऱ्याला मात्र ते अगदी चपखल बसले. नावाचा सूर आणि लेखनाचा सूर जुळला पाहिजे, हे त्यातून दिसते.

रोमन लिपीची चाळणी

येथवरच्या गोष्टी छापील अंकालाही लागू होत्या. ब्लॉगपुढे मात्र एक नवी अडचण आहे. त्याचे नाव देवनागरीत असले, तरी पत्ता बहुधा रोमन लिपीत असतो; आणि मराठीचे सगळे उच्चार रोमन लिपीच्या सव्वीस अक्षरांत मावत नाहीत. के, ए, एल, ए ही चार अक्षरे लिहिली, की ती कला, कळा, काला आणि काळा अशी चार प्रकारे वाचता येतात. व्ही, ई, एल म्हणजे वेळ की वेल, हे संदर्भावाचून सांगता येत नाही. एम, ए, एन यांत मराठी माणसाला ‘मन’ दिसेल किंवा ‘मान’. इंग्रजी वाचणारा त्याचा उच्चार ‘मॅन’ असा करील.

उलट दिशेने गेल्यास आणखी फाटे फुटतात. ‘व’साठी कोणी व्ही लिहितो, कोणी डब्ल्यू. ‘फ’साठी एफ की पी-एच? ‘क्ष’साठी काही जण के-एस-एच लिहितात, काही जण एक्स. ‘ज्ञ’च्या बाबतीत तर जितकी माणसे तितक्या रीती. स्वयंपाकावर लिहिणाऱ्याला ‘फोडणी’ हे नाव फार गोड वाटेल. पण त्याचा पत्ता किमान चार प्रकारे लिहिला जाईल आणि त्यांतले तीन वाचकाला भलत्याच दारी नेतील. असे नाव टाकून द्यावे असे नाही. नाव देवनागरीत ‘फोडणी’ ठेवून पत्ता मात्र एकाच प्रकारे लिहिता येईल असा सोपा घ्यावा, किंवा शक्य असल्यास दोन्ही प्रचलित रूपे नोंदवून ठेवावीत.

देवनागरी पत्त्यांची सोय आता झाली आहे, हे खरे. ऑगस्ट २०१४ मध्ये ‘.भारत’ ही नाममुद्रा सुरू झाली आणि मराठीत संपूर्ण पत्ता लिहिणे शक्य झाले. तरीही संगणकांच्या आतल्या व्यवहारात असा पत्ता रोमन अक्षरे आणि आकडे यांच्या एका सांकेतिक मालिकेत बदलला जातो. एक्स आणि एन या अक्षरांपुढे दोन आडव्या रेघा देऊन तिची सुरुवात होते. काही ठिकाणी पत्ता चिकटवला, की वाचकाला मूळ शब्दाऐवजी तीच अगम्य मालिका दिसते. म्हणून देवनागरी पत्ता घेतला, तरी जोडीला रोमन पत्ता असणे शहाणपणाचे.

ऱ्हस्व-दीर्घाचा फेरा

देवनागरीत शोध घेणाऱ्यांची संख्या वाढल्यापासून शुद्धलेखनालाही नव्याने महत्त्व आले आहे. ‘क्षितिज’ हा शब्द कित्येक जण दुसऱ्या ‘ति’ला दीर्घ करून लिहितात. ‘दृष्टिकोन’ची तीच गत. ‘मनातले’ की ‘मनातलं’, ‘गाणे’ की ‘गाणं’ असे दोन्ही पर्याय शुद्ध असलेल्या ठिकाणी तर वाचकाने कोणते रूप लक्षात ठेवले असेल, याचा भरवसा नसतो. प्रगत शोधयंत्रे असे फरक पुष्कळदा सांभाळून घेतात. पण पत्ता लिहिण्याच्या चौकटीत एका अक्षराचीही सूट मिळत नाही. ज्या शब्दाबद्दल सुशिक्षित माणसेही चाचपडतात, तो नावात नसलेलाच बरा. ‘दर्पण’, ‘केसरी’, ‘काळ’, ‘साधना’, ‘सकाळ’ यांपैकी एकाही नावाच्या लेखनाबाबत वाद होण्याची शक्यता नाही, हा योगायोग असेल. पण उपयोगी योगायोग आहे.

नाव आधीच घेतलेले असेल तर

छापील नियतकालिकाचे शीर्षक सरकारदरबारी नोंदवावे लागते. १८६७ च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा नियतकालिकांच्या नोंदणीचा २०२३ चा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला. देशात त्याच भाषेतील किंवा त्याच राज्यातील अन्य भाषेतील दुसऱ्याच्या शीर्षकाशी तंतोतंत जुळणारे अथवा साम्य असलेले शीर्षक त्याखालीही मिळत नाही. ब्लॉगच्या नावांची अशी कोणतीही वही नाही. पत्ता तेवढा एकमेव असतो. परंतु एकाच शब्दाचा पत्ता वेगवेगळ्या सेवांवर वेगवेगळ्या व्यक्तींकडे असू शकतो. परिणामी, एकाचे लेखन दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते.

म्हणून नाव पक्के करण्याआधी ते देवनागरीत आणि रोमन लिपीच्या सर्व संभाव्य रूपांत शोधून पाहणे हे पहिले काम. आधीच्या माणसाच्या नावापुढे ‘माझे’, ‘नवे’ किंवा एखादा आकडा जोडून सुटका करून घेण्याचा मोह होतो. तसे केल्यास वाचक आकडा विसरतो आणि मूळ नावाच्याच दारात जाऊन उभा राहतो. एखाद्या प्रसिद्ध व्यापारचिन्हाशी मिळतेजुळते नाव घेणे तर कायद्याच्या दृष्टीनेही जोखमीचे. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्पष्ट केले, की महाजालावरील नाव हा निव्वळ पत्ता नसून ती व्यवसायाची ओळखही असते आणि दुसऱ्याच्या ओळखीवर आपला माल खपवण्याविरुद्ध जे संरक्षण व्यापारचिन्हांना मिळते, ते अशा नावांनाही लागू होते. हौशी ब्लॉगवर कोणी दावा लावणार नाही, अशी समजूत असते. पण हौसेचा ब्लॉग लोकप्रिय झाला की हौसेपुरता राहत नाही.

दहा वर्षांनी

नाव ठेवताना आजचा विचार होतो, तर नाव वापरावे लागते उद्या. वय, हुद्दा, शहर किंवा साल यांना बांधलेली नावे यामुळे लवकर आखूड होतात. महाविद्यालयाच्या कट्ट्यावरून घेतलेले नाव चाळिशीत अवघडल्यासारखे वाटते. पुण्यात सुरू झालेला, पुण्याचेच नाव मिरवणारा ब्लॉग लेखकाबरोबर बेंगळुरूला गेला, की त्याला खुलासे करत बसावे लागते. केवळ एका छंदावरून नाव ठेवले आणि पुढे छंद बदलला, तर नाव आणि मजकूर यांची फारकत होते. येथे हरिभाऊ आपट्यांचे उदाहरण मोलाचे आहे. १८९० मध्ये त्यांनी आपल्या पत्राला ‘करमणूक’ असे साधे, काहीसे विनयशील नाव दिले. आणि त्याच पत्रातून ‘पण लक्षात कोण घेतो’ ही हिंदू विधवेची दारुण कहाणी सांगणारी कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. नावाने आखलेले अंगण ऐसपैस होते, म्हणून त्यात गंभीर आशयही सामावला.

बदल करावाच लागला, तर काय? मथळ्यावरचे नाव केव्हाही बदलता येते. पत्ता बदलणे मात्र महागात पडते. जुन्या पत्त्याकडे बोट दाखवणारे दुवे इतरांच्या लेखांत, जुन्या पत्रव्यवहारात, वाचकांच्या नोंदींत विखुरलेले असतात. पत्ता बदलताच ते सारे तुटतात. विनामूल्य सेवेवर पत्त्याच्या शेपटीत त्या सेवेचे नाव असते, त्यामुळे सेवा बदलली की पत्ताही जातो. वर्षाकाठी काही शे रुपये खर्चून स्वतःच्या नावाचा पत्ता घेतला, तर लेखन एका सेवेकडून दुसरीकडे नेले, तरी दारावरची पाटी तीच राहते. मात्र त्याचे नूतनीकरण चुकले, तर तोच पत्ता दुसरा कोणी उचलू शकतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

चार कसोट्या

एवढे सारे पाहून निवडलेले नाव शेवटी चार साध्या कसोट्यांवर घासावे. पहिली कसोटी दूरध्वनीची. नाव एकदाच उच्चारल्यावर पलीकडच्या माणसाला ते ‘कसे लिहायचे’ असे न विचारता लिहिता आले पाहिजे. दुसरी कसोटी चित्राची. डोळे मिटून नाव ऐकल्यावर एखादी वस्तू, जागा किंवा माणूस दिसला पाहिजे. तिसरी गर्दीची. त्याच विषयावरील दहा ब्लॉगांच्या यादीत ते नाव लिहून पाहावे आणि नजर त्यावर थबकते का, हे एखाद्या तिऱ्हाइताला विचारावे. चौथी कसोटी मुरवणीची. नाव कागदावर लिहून महिनाभर ठेवावे. पहिल्या दिवशी चमकदार वाटलेली कोटी तिसाव्या दिवशी शिळी वाटली, तर ती वाचकालाही तशीच वाटेल. कोटी एकदा हसवते, परंतु नाव शेकडो वेळा वाचले जाणार असते.

या कसोट्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण ज्यांच्यासाठी झाली, त्यांच्या पंगतीत न बसणे. विश्वदर्शन घडवण्याची ग्वाही देणारे नाव आणि आत वर्षाला तीन नोंदी, हे चित्र वाचकाला रुचत नाही. उलट लहान, मूर्त, झेपणारे वचन देणारे नाव रोजच्या लेखनाने हळूहळू मोठे होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली. नाव अगदी साधे, जवळजवळ वर्णनवजा, निबंधांची माळ. पण एकामागून एक चौऱ्याऐंशी अंक निघाले आणि तो साधा शब्द मराठी गद्याच्या इतिहासातील एका पर्वाचे नाव होऊन बसला.

अखेरचा शब्द तर वाचकाचाच असतो. ज्ञानेश्वरांच्या ग्रंथाचे नाव परंपरेने ‘भावार्थदीपिका’ असे सांगितले जाते. नाव सुंदर आहे, अर्थपूर्णही आहे. परंतु वारीत चालणाऱ्या माणसाने त्याला ‘ज्ञानेश्वरी’ म्हटले आणि तेच सर्वतोमुखी झाले. लोकांनी ग्रंथाला ग्रंथकाराचेच नाव दिले, यापेक्षा मोठा मान लेखनाला मिळू शकत नाही. ब्लॉगकर्त्याने नाव जपून निवडावे, कारण पहिल्या भेटीला तेच वाचकाला आत आणते. दुसऱ्या भेटीला मात्र त्याला मजकूर आणतो. आणि दहाव्या भेटीपर्यंत वाचक त्या ब्लॉगला कोणत्या नावाने हाक मारायची, हे स्वतःच ठरवून मोकळा झालेला असतो.